हिमाच्या दप्तरातील धूर

सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेली गारपीट आपल्या वसतिगृहातील त्या वेळच्या विद्यार्थ्यांना निश्चितच आठवत असेल. हातातोंडाशी आलेला गहू-हरभरा आडवा झाला होता आणि अनेक पालकांच्या घरी त्या वर्षी काय परिस्थिती ओढवली, हे आम्ही जवळून पाहिले आहे. परंतु मुलांचे मन निराळे असते. गारा थांबताच पाचवी-सहावीच्या मुली जेवणाची ताटे घेऊन अंगणात धावल्या. गारा वेचल्या, एकमेकींना दाखवल्या, वितळू दिल्या. थोड्या वेळाने एक मुलगी ताट घेऊन आमच्यापाशी आली. ताटाच्या तळाशी काळपट गाळाची एक पातळ रेघ उरली होती. तिने विचारले, "सर, आभाळ तर स्वच्छ असतं. मग गारेत ही घाण कुठून आली?"

विज्ञान-शिक्षकाचे पद त्या वर्षी रिक्त असल्याने तो तास आमच्याकडे होता. आम्ही इतिहासाचे एम. ए. हवेतील धूळ व काजळी गारेत अडकते, एवढे उत्तर आम्ही दिले आणि ते चुकीचेही नव्हते. परंतु धूळ डोळ्यांना दिसते म्हणून तिच्याविषयी बोलता येते. जे वायू दिसत नाहीत, त्यांचे बर्फात काय होते? या प्रश्नाने आम्हांस पुढची काही वर्षे वाचावयास लावले. त्या वाचनाचा काही भाग या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालकांपुढे ठेवीत आहोत. इतिहासाच्या माणसाने विज्ञानात केलेली ही घुसखोरी आहे, हे ध्यानात घेऊन वाचावे.

प्रथम एक प्रयोग. तो कोणत्याही घरी करता येतो. पेल्यात पाणी घेऊन त्यात निळ्या शाईचे काही थेंब टाकावेत, पेला जाड कापडात गुंडाळून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. पाणी सावकाश गोठले की कडेचा बर्फ जवळजवळ रंगहीन आणि शाई मधोमध गोळा झालेली दिसते. पाण्याचे रेणू गोठताना एका ठरावीक रचनेत बसतात आणि त्या रचनेत परक्या पदार्थाला सहसा जागा देत नाहीत. परका पदार्थ बाहेर ढकलला जातो. पण पेल्याबाहेर जाणार कोठे? तो बर्फाच्या कणांमधील फटींत, कडांवर आणि पृष्ठभागावर दाटीवाटीने जमतो. अशा दाटीत काही रासायनिक अभिक्रिया द्रव पाण्यातल्यापेक्षा हजारो पटींनी वेगाने होतात, असे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. थंडीत सगळे मंदावते ही आपली समजूत येथे अपुरी पडते.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. बर्फाचा पृष्ठभाग आपण समजतो तसा टणक व कोरडा नसतो. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटतात, यावरून १८५० साली मायकेल फॅरेडे यांनी अनुमान काढले की गोठणबिंदूच्या खालीदेखील बर्फावर पाण्यासारखा एक अतिसूक्ष्म थर असतो. हे फॅरेडे लोहाराचे पुत्र. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधावयास आलेली पुस्तके वाचून शिकलेले. विषयांतराचा दोष पत्करूनही हे सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. त्यांचे हे अनुमान पुढे शंभराहून अधिक वर्षे वादात राहिले आणि आधुनिक उपकरणांनी ते मूलतः बरोबर ठरवले.

आता हिम, म्हणजे आकाशातून पिसांसारखा उतरणारा बर्फ डोळ्यांपुढे आणावा. त्याचे स्फटिक इतके नाजूक व फांद्याफांद्यांचे असतात की ताज्या हिमाच्या एका किलोग्रॅमचा एकूण पृष्ठभाग ६० ते १०० चौरस मीटर भरू शकतो. आपल्या शाळेच्या दोन वर्गखोल्यांची फरशी एवढी होईल. एवढे मोठे अंग घेऊन तो स्फटिक हवेतून खाली येतो आणि वाटेत भेटणारे वायू टिपत येतो. मात्र सर्व वायू सारखे वागत नाहीत. वाहने व कारखान्यांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हवेत नायट्रिक आम्लाची वाफ बनते. ती बर्फाला घट्ट चिकटते. दगडी कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड मात्र एकट्याने बर्फावर फार टिकत नाही. आला तसा निघून जातो. पण त्याच बर्फात हायड्रोजन पेरॉक्साइड असेल, तर गोष्ट बदलते. जखम धुताना फेसाळणारे जे औषध आपण वापरतो, तेच हे रसायन. सूर्यप्रकाशामुळे ते हवेत सूक्ष्म प्रमाणात आपोआप तयार होते व हिमात उतरते. त्याच्याशी गाठ पडली की सल्फर डायऑक्साइडचे गंधकाम्ल होते आणि गंधकाम्ल परत वायू होऊन उडून जात नाही.

बर्फ वायूंना केवळ धरून ठेवतो असे नाही, तो त्यांच्यात अभिक्रिया घडवूनही आणतो. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण जमिनीवरच्या हिमाचे नसून आकाशातील बर्फाचे आहे. १९८५ साली जोसेफ फार्मन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातील हॅली केंद्रावरील मोजमापांवरून जाहीर केले की तेथील वसंत ऋतूत ओझोनचा थर विलक्षण विरळ होतो. शीतकपाटे व फवाऱ्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनला घातक आहेत, असा इशारा मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ सालीच दिला होता. पण हे वायू वापरले जात होते मुख्यत्वे उत्तर गोलार्धात, आणि भगदाड पडले दक्षिण ध्रुवावर. तेही फक्त वसंतात. हे कसे?

उत्तर बर्फात होते. क्लोरोफ्लुरोकार्बनमधून सुटलेला क्लोरीन वरच्या हवेत बहुतांशी दोन संयुगांत बंदिस्त असतो: हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट. ही दोन्ही हवेत एकमेकांना भेटली तरी त्यांच्यात जवळजवळ काही घडत नाही. अंटार्क्टिकाच्या दीर्घ रात्रीत मात्र स्थितांबराचे तापमान उणे ७८ अंश सेल्सियसच्याही खाली जाते आणि तेथे नायट्रिक आम्ल व बर्फ यांचे विरळ, मोतिया रंगाचे ढग तयार होतात. त्या कणांच्या पृष्ठभागावर ही दोन संयुगे भेटली की अभिक्रिया होते: क्लोरीन वायू मोकळा होऊन हवेत जातो आणि नायट्रिक आम्ल बर्फातच राहते. क्लोरीनला पुन्हा बंदिस्त करू शकणारा पहारेकरी अशा रीतीने बर्फात अडकतो आणि कैदी बाहेर सुटतो. काही महिन्यांनी सूर्य उगवला की त्याच्या प्रकाशाने क्लोरीनचे रेणू फुटतात आणि ओझोनचा नाश सुरू होतो. १९८६ साली सुझन सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे स्पष्टीकरण मांडले. त्याच वर्षी तिशीच्या त्या संशोधिका अंटार्क्टिकातील मॅकमर्डो केंद्रावर मोहीम घेऊन गेल्या व मोजमापे करून आल्या. १९८७ मध्ये माँट्रियल येथे या वायूंवर निर्बंध घालणारा करार झाला. आज ओझोनचा थर सावकाश सावरत आहे.

जमिनीवर पडलेल्या हिमाची गोष्ट याहून जुनी आहे, आणि आमच्या मते अधिक बोधक.

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या पावसात आम्ल असते, हे रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८५२ साली दाखवून दिले आणि 'आम्लवर्षा' हा शब्द त्यांच्या १८७२ च्या ग्रंथामुळे रूढ झाला. ज्या गिरण्यांच्या परिसराची ही हवा, त्यांच्याशी आपलाही संबंध आला होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस थांबला तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून लँकेशायरच्या गिरण्यांकडे गेला. आमच्या खापरपणजोबांच्या पिढीने वेचलेल्या कापसाचे पैसे कोणाच्या पदरी पडले, हा स्वतंत्र विषय आहे. धूर मात्र तेथेच राहिला असे त्या काळी सर्वांना वाटत होते.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुके बसले आणि अधिकृत अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसे मेली. १९५६ साली ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. तो आवश्यकच होता. पण शहरातील धूर कमी करताना वीजकेंद्रांची धुरांडी अधिक उंच होत गेली. उंच धुरांड्यातून निघालेला सल्फर डायऑक्साइड शहराच्या डोक्यावरून गेला, नैर्ऋत्य वाऱ्यांनी समुद्रापार नेला आणि दक्षिण नॉर्वेच्या डोंगरांवर हिमाबरोबर उतरला. मध्य युरोपातील धुराचीही त्यात भर पडली. नॉर्वेच्या त्या भागात ग्रॅनाइटचा खडक आहे. चुनखडी असती तर तिने आम्ल पचवले असते. तेथे तशी सोय नाही.

येथे आपल्या शाईच्या पेल्याकडे परत यावे. हिमातील आम्ल स्फटिकांच्या आत नसून कडांवर व फटींत जमलेले असते. हिवाळ्याचे चार-पाच महिने ते थरावर थर साठत राहते. त्या काळात नदीला काहीच होत नाही. वसंतात हिम वितळू लागते तेव्हा पहिले पाणी स्फटिकांची अंगे धुऊन खाली उतरते. नॉर्वेतील योहानसेन व हेन्रिक्सन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार वितळपाण्याच्या पहिल्या ३० टक्के भागातच साठलेल्या प्रदूषकांपैकी ५० ते ८० टक्के निघून जातात. म्हणजे पाच महिन्यांची उधारी नदीला काही दिवसांत चुकवावी लागते. वर्षभराची सरासरी काढली तर नदी फारशी बिघडलेली दिसत नाही. पण माशांची पिले सरासरीत जगत नाहीत. अंड्यांतून बाहेर येण्याचा त्यांचा काळ नेमका हाच असतो. आम्लामुळे मातीतील ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात येते व माशांच्या कल्ल्यांवर बसते. मासा पाण्यात असून गुदमरतो. १९७५ च्या वसंतात तोव्दाल नदीत हिम वितळण्याच्या सुमारास ट्राउट मासे असे मरून पडले आणि ती घटना शास्त्रीय नियतकालिकांत नोंदली गेली.

धूर दुसऱ्या देशाचा आहे, हे नॉर्वे-स्वीडन सांगत होते. पुरावा मान्य होण्यास वर्षे लागली. स्वीडनचे स्वांते ओडेन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा प्रश्न जाहीरपणे मांडला. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत तो आला. १९७९ मध्ये जिनिव्हा येथे सीमापार प्रदूषणाचा करार झाला आणि १९८५ मध्ये हेलसिंकी येथे सल्फरचे उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवण्याचा उपकरार. त्यावर ब्रिटनने सही केली नाही. पुढे मात्र सर्वत्रच सल्फर घटला आणि अनेक पाण्यांत मासे परतले. तरीही नॉर्वेत अनेक नद्या-तळ्यांमध्ये चुनखडीची भुकटी टाकण्याचे काम वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागले आहे.

याहून दूरच्या एका उदाहरणाचा उल्लेख करून पुढे जाऊ. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागात, नुनाविक प्रदेशात इन्युइट लोक राहतात. तेथे कारखाने नाहीत. १९८० च्या दशकात संशोधकांनी मातांच्या दुधातील पीसीबी या औद्योगिक रसायनाचे प्रमाण तपासले तेव्हा स्वच्छ प्रदेशाचा नमुना म्हणून इन्युइट मातांचे दूध घेतले. त्यात दक्षिण क्वेबेकमधील मातांच्या दुधापेक्षा पीसीबी सुमारे पाचपट निघाले. ही रसायने उष्ण प्रदेशांत बाष्प होऊन उडतात आणि थंड प्रदेशांत हिमावर, पाण्यावर पुन्हा बसतात. तेथून सूक्ष्म जीव, मासा, सील व देवमासा या साखळीने माणसात येतात. २००१ च्या स्टॉकहोम करारामागे या मातांच्या दुधाचाही पुरावा होता.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे इतिहासाकडे येतो. ग्रीनलंड व अंटार्क्टिकाच्या हिमस्तरांच्या उंच अंतर्भागात हिम सहसा वितळत नाही. एका वर्षाच्या थरावर दुसऱ्या वर्षाचा थर बसतो, दाबाने त्याचा बर्फ होतो आणि त्यात त्या त्या वर्षीची हवा, धूळ व आम्ल बंद होते. शास्त्रज्ञ पोकळ बरम्याने त्यातून लांब दंडगोल काढतात व थर मोजतात. पेशवे दप्तराचे रुमाल जसे सनावार लावलेले असतात, तसेच हे दप्तर. फरक एवढाच की त्याला कारकून नाही. ज्यांच्या घरात लेखणी नव्हती, त्यांचा इतिहास शोधताना ज्याची दमछाक झाली आहे, अशा अभ्यासकाला कारकुनाशिवायचे दप्तर म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

दक्षिण ग्रीनलंडच्या बर्फात १९०० च्या सुमारापासून सल्फेट वाढू लागते व पुढे सुमारे तिप्पट होते. १९५० नंतर, मोटारींच्या युगात, नायट्रेट दुप्पट होते. १९७० च्या दशकापासून अमेरिका-युरोपात हवेचे कायदे कडक झाले आणि नंतरच्या थरांत सल्फेट खाली येते. कायदा पाळला गेला की नाही, याचा दाखला सरकारी अहवालाबाहेर मिळावा, हे आम्हांस विशेष वाटते.

परंतु साधन कितीही निर्मळ दिसले तरी त्याची तपासणी करावी, हे आम्ही दहावीच्या मुलांनाही शिकवतो. बर्फाचे दप्तरही त्यास अपवाद नाही. सल्फेटची नोंद विश्वसनीय, कारण ते एकदा बसले की बसले. नायट्रेटचे तसे नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ग्रीनलंडच्या माथ्यावरील समिट केंद्रावर आणि दक्षिण ध्रुवावर आढळले की सूर्यप्रकाशात हिमातील नायट्रेट फुटते व नायट्रोजनचे ऑक्साइड परत हवेत जातात. म्हणजे नोंद लिहिली गेल्यावर तिचा काही भाग पुसला जातो. जेथे हिम कमी पडते व थर उन्हात जास्त काळ उघडा राहतो, तेथे अधिक पुसला जातो. पाऱ्याची वाफही अशीच. कॅनडातील अलर्ट केंद्रावर १९९५ च्या वसंतात दिसले की ध्रुवीय सूर्योदयानंतर ती हवेतून एकाएकी नाहीशी होते. समुद्रबर्फाच्या परिसरातून निघालेल्या ब्रोमिनमुळे तिचे रूप पालटते व ती हिमावर बसते. पुढे तिचा बराच भाग पुन्हा उडून जातो आणि काही वितळपाण्यात उतरतो.

याच्या उलट, नोंद नंतर वाढवली जाण्याचाही प्रकार आहे. ग्रीनलंडच्या बर्फात चुनखडीयुक्त धूळ बरीच असते. त्याच बर्फातील आम्लाशी तिची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि जुन्या हवेच्या बुडबुड्यांत मिसळतो. म्हणून प्राचीन काळच्या कार्बन डायऑक्साइडसाठी अभ्यासक ग्रीनलंडची साक्ष ग्राह्य धरीत नाहीत, कमी धुळीच्या अंटार्क्टिकाची धरतात. तेथील बर्फ ८,००,००० वर्षे मागे जातो, आणि कारखानदारीपूर्वी दर दहा लक्ष भागांत सुमारे २८० भाग असलेला हा वायू आज ४२० च्या पुढे गेला आहे, हे त्या साक्षीवरूनच आपण म्हणू शकतो. साक्षीदार बदलण्याचे असे सकारण उदाहरण आमच्या विषयाच्या पुस्तकांतही क्वचितच सापडते.

आपल्या जवळचे दप्तर हिमालयात आहे. तिबेटमधील शिशापांग्मा पर्वतावर ७,२०० मीटर उंचीवर दासुओपू नावाची हिमनदी आहे. लॉनी थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली १९९७ साली तेथून बर्फाचे गाभे काढण्यात आले. तेथे पडणारे हिम बहुतांशी आपल्याच मोसमी वाऱ्यांचे, म्हणजे आपल्या पावसाचे सख्खे भावंड. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बर्फात सुमारे १७८० पासून कॅडमियम, क्रोमियम, निकेल, जस्त अशा धातूंची वाढ आढळली. संशोधकांनी तिचा संबंध युरोपात दगडी कोळसा जाळण्याशी जोडला आहे. जंगले जाळण्याचाही त्यात वाटा असावा असे ते म्हणतात. हे वायू नव्हेत, धुरातील कण आहेत. पण धुरांडे तेच. १७८० साली पुण्यात सवाई माधवराव सहा वर्षांचे होते व कारभार नाना फडणीसांच्या हाती होता. इंग्रजांचे निशाण दिल्लीवर चढण्यास आणखी २३ वर्षे होती. त्यांचा धूर हिमालयाच्या माथ्यावर आधीच येऊन बसला होता.

त्याच गाभ्यात १७९० ते १७९६ या वर्षांच्या थरांत धूळ व क्लोराइड असाधारण वाढलेले आहे. पाऊस न झाल्याने जमिनी उघड्या पडल्या, त्यांची माती व क्षार वाऱ्यावर उडाले, असा त्याचा अर्थ लावला जातो. इतिहासात याच सुमाराचा, १७९१-९२ चा दुष्काळ 'कवट्यांचा दुष्काळ' म्हणून ओळखला जातो. मेलेल्यांना पुरावयास माणसे उरली नव्हती म्हणून हे नाव. दख्खनेत त्यात कोण मेले, याची नावे कोणत्याही रुमालात नाहीत. त्यांच्या शेतांची माती आणि इंग्लंडच्या कोळशाची राख त्या बर्फात एकाच थरात असावी.

दासुओपूचे गाभे सध्या अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या शीतगृहात, शून्याखाली सुमारे ३० अंशांवर जपून ठेवलेले आहेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण परदेशी शिकत आहेत. त्यांपैकी कोणी कधी तेथवर पोहोचलाच, तर १७९१ चा तुकडा पाहण्यास मिळतो का, याची चौकशी करावी आणि तो कसा दिसतो, ते आम्हांस शाळेच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. ताट घेऊन आलेल्या त्या मुलीला आम्ही ते वाचून दाखवू.